सहावा फर्मा

शनिवार पेठेतून कोंढरे बाइंडरचा पोऱ्या
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून पुस्तकं आणायचा.
पुस्तकं म्हणजे नुसते कागद,
पाटाएवढे एकेक, शाईचा वास अजून ओला.
गंज पेठेतल्या आमच्या खोलीत
त्यांची तीनदा घडी झाली, की सोळा पानांचा फर्मा.
शंभर फर्म्यांना साठ पैसे.
आई घडी घालायची, मी शिंगाची पट्टी फिरवायची.
"रंजे, कोपऱ्याला कोपरा. वाचत बसू नको."

वाचायचं नव्हतंच मला.
पण एकच पान हजार वेळा डोळ्यांखालून गेलं
तर पाढ्यासारखं पाठ होतं, त्याला काय करणार.

त्या दिवाळीआधी आमच्या वाट्याला सहावा फर्मा आला,
पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव.
पाचवा झुंबरबाईकडे. सातवा कुणाकडे, माहीत नाही.
तर त्या पोराचं बालपण मला असं मधूनच मिळालं.
त्याच्या बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही,
नुसता एक मुलगा, हौदाच्या कठड्यावर बसून
दुसऱ्यांच्या शाळेचे टोल मोजणारा.
त्यानं चोरलेला गूळ. त्याच्या पाठीवरचे वळ,
त्यावर मीठ की तेल, यावरून दोन पानं भांडण.
आणि शहाण्णवच्या तळाशी, शेवटच्या ओळीत:
‘त्या रात्री आईनं दाराची कडी काढली तेव्हा’

बस. खाली समास.

एक फर्मा मी परकरात खोचून ठेवला.
कोंढऱ्यांनी मोजले, एक कमी. आईचे दोन रुपये कापले.
तिनं मला विचारलं नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी ते वाक्य पुरं करत होते.
कॉर्पोरेशनच्या शाळेत, बाकाखाली:
तेव्हा बाहेर मामा उभा होता.
मोरीत पहिल्यांदा रक्त दिसलं त्या सकाळी:
तेव्हा तिनं मला हाक मारली.
दहावीला गणितात गेले तेव्हा:
तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं.

कारण कडी आमच्याही दाराला होती.
आईनं ती एकदा काढली, रात्री, हातात बाजाराची पिशवी,
पिशवीत दोन पातळं आणि माझा नाही, भावाचा सदरा.
मी पापण्या गच्च मिटून सगळं ऐकलं,
चपला, बोळ, नळाजवळचं कुत्रं,
मग काहीच नाही.
कात्रजच्या दुधाची गाडी आली तेव्हा ती परत आली.
पिशवी खुंटीला अडकवली, गठ्ठ्याची सुतळी सोडली
आणि चहासुद्धा न करता घडी घालायला बसली.
बाप घोरत होता.
मी उठले. विचारलं, "पट्टी कुठंय?"

गेल्या बुधवारी अप्पा बळवंत चौकात
लेकीची गाइडं घ्यायला गेले तर ते पुस्तक समोर.
फर्म्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं
तेच नाव, इथं ठळक, लाल.
चौथी आवृत्ती. पानं सरकलेली.
ते वाक्य आता एकशे दोनवर, मधोमध, कुठंही न तुटता:
‘त्या रात्री आईनं दाराची कडी काढली तेव्हा
मी झोपलो होतो.’

झोपला होतास?
अरे, मी तुझ्या वाटची जागी राहिले
आणि तू झोपला होतास.

"मॅडम, दहा टक्के सूट आहे," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

घरी आईच्या हातात दिलं.
मोतीबिंदू उतरवलाय, तरी ती वाचत नाही,
तेव्हाही वाचायची नाही.
पाठीवरून बोट फिरवलं, मधे उघडून ताणून पाहिलं.
"शिलाई नाही. नुसतं चिकटवलंय.
दोन वर्षांत पानं सुटतील."
मग पुस्तकातली पावती काढून मांडीवर ठेवली,
कोपऱ्याला कोपरा, तीन घड्या,
अंगठ्याच्या नखानं दाबत दाबत, माझ्याकडं न बघता:
"तो एक फर्मा. आहे का अजून?"